दोन हॉर्न

१

आमच्या बिल्डिंगमध्ये बेल कुणी वाजवत नाही, हॉर्न वाजवतात. दोहात सगळीकडे तसंच आहे म्हणा. दुकानासमोर गाडी उभी करायची, हॉर्न द्यायचा, आतला माणूस धावत काचेशी येतो, काय हवं ते विचारतो आणि आणून देतो. उन्हाळ्यात गाडीतून उतरणार कोण? ती सवय हिवाळ्यातही तशीच राहते.

आमचे हे, म्हणजे जाफर, रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये. कंपनीची बस नेते, कंपनीची बस आणते. त्यामुळे बाजारहाट माझ्याकडे. टॅक्सीने आले की ड्रायव्हरला सांगायचं, दोन हॉर्न दे. मग मी खालूनच ओरडणार, "हनिया! पिशव्या!" तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडते, माझी लेक डोकं बाहेर काढते, "कमिंग, अम्मी!" म्हणते आणि लिफ्टने खाली येते. कॉलेजात जाते आता, मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीतच.

माझा आवाज मोठा. माहेरी दाभोळच्या खाडीवर या काठावरून त्या काठाच्या होडीला हाक मारायचे मी. इथे अल सद्दमध्ये निदान बिल्डिंग ऐकते. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा एसी गळतो, पाचव्या मजल्यावरच्या नबीलाला कितवा महिना लागला, सगळं मला ठाऊक असतं आणि मला ठाऊक असलं की सगळ्यांना होतं. हे चिडवतात, "सुगरा, तुझ्या घशात लाऊडस्पीकर बसवून पाठवलंय अल्लाने."

आता नाही चिडवत.

२

बिल्डिंगच्या बाजूला वाळूचा रिकामा प्लॉट आहे, सगळे तिथेच गाड्या लावतात. जानेवारीत एका गुरुवारी सकाळी तिथे ती गाडी दिसली. व्हॅन होती, पण आत घर असलेली. वर पाण्याची टाकी, मागे सायकल बांधलेली, शारजाची नंबरप्लेट. एक बाई बाहेर दोरी बांधून टॉवेल वाळत घालत होती, आणि आतून पुरुषाचा आवाज आला, "अगं, चिमटे इकडे आहेत."

मराठी! मग मला कुठलं राहवतंय. गॅस बंद केला, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण स्टीलच्या डब्यात भरलं आणि खाली उतरले.

हर्षल आणि बबीता नाव त्यांचं. तो शारजात एसीच्या कामाला होता. नोकरी सोडली, ही जुनी गाडी घेतली आणि निघाले दोघे, ओमान, सौदी, आता कतार. मुलं नाहीत. बबीता कराडकडची. हे सगळं हर्षलनेच सांगितलं, कारण बबीताचा घसा बसलेला होता. साधासुधा नाही, पारच. ओठ हलायचे आणि नुसती हवा यायची.

"थंडी बाधली का गं बाय?" मी विचारलं.

तिने मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही.

"रात्री वाळवंटात गार पडतं ना," हर्षल म्हणाला.

मी आत डोकावले. डोकावणारच. पुढे दोन सीट, त्यामागे एक बाकडं, छोटी शेगडी, बेसिन. बाकड्याच्या पाठीला लागून जाड कापडाचा पडदा, दोन्ही कडांना आणि मध्येही सेफ्टी पिना लावून घट्ट केलेला.

"आणि पलीकडे?"

"पलंग. सामान," हर्षल म्हणाला. "पसारा आहे काकी, बघू नका."

पसारा तर माझ्याही घरात आहे. पण इथे एक रीत आहे. गाडीत पडदा असला की मागे बायका बसल्यात असं समजून सगळे नजर वळवतात. पोलीससुद्धा. मीही वळवली.

३

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजेनंतर दुकानं उघडली तशी मी खाली गेले, रिकामा डबा परत घ्यायला. त्यांची कामं पडली होती. कपडे लाँड्रीत टाकायचे, गॅसचं सिलिंडर बदलायचं, पाण्याचे कॅन, खुबूसच्या रोट्या, मागच्या चाकाचं पंक्चर. उद्या सौदीच्या बॉर्डरकडे निघणार म्हणे.

"इथली दुकानं तुम्हाला काय ठाऊक," मी म्हटलं. "चला, मी येते. माझाही बाजार होईल."

बबीताने पटकन पुढचं दार उघडलं आणि मला खूण केली, तुम्ही पुढे बसा. ओठ हलले तिचे. "पुढे, काकी."

"अगं नाही गं! नवऱ्याच्या बाजूला बायकोने बसावं. मी परकी बाई, मी पुढे बसले तर लोक काय म्हणतील?"

ती हटेना. माझा हात धरून पुढे ओढायला लागली. हर्षल स्टीअरिंगवरूनच म्हणाला, "बबी, काकींना बसू दे ना त्यांना बरं वाटेल तिथं."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग माझा हात सोडला. मी मागे बाकड्यावर बसले, पाठ पडद्याला. बबीता पुढे बसली, सीटबेल्ट लावला आणि डोकं मागे टेकून इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आलं. जणू काही वर्षांनी कुणी तिला त्या जागेवर बसायला दिलं होतं.

४

आधी लाँड्री. हर्षलने हॉर्न दिला, लाँड्रीवाला आला, बबीताने कपड्यांचं गाठोडं काचेतून दिलं. त्याने पावती लिहायला घेतली. मग माझ्या बाजूच्या काचेकडे मान वळवली, डोळे मात्र खाली, आणि म्हणाला, "जी मॅडम. ठीक है मॅडम. स्टार्च नहीं."

मी काही बोलले नव्हते.

वाटलं, फोनवर बोलत असेल. हल्ली कानात ते बारीक यंत्र घालतात, कुणाशी बोलतायत ते कळतच नाही.

मग सिलिंडर झालं, कॅन झाले, माझे खुबूस आणि बाकी बाजार पिशव्यांत आला. मी बोलतच होते सारखी. हा रस्ता कुठे जातो, इथे मासे ताजे कुठे मिळतात, आमची हनिया कशी आळशी आहे पण माझी हाक ऐकली की पायात चप्पल न घालताही धावते. हर्षल मोकळेपणाने विचारत होता. "काय म्हणून हाक मारता काकी? किती लांबून ऐकू येतं?" मला कौतुक वाटलं. इतकं कोण ऐकतं हो आपलं? मी तर तिथेच गाडीत हाक मारून दाखवली, "हनिया! पिशव्या!" बबीताने खांदे आक्रसून घेतले. आवाज मोठा ना माझा.

मग आम्ही रहमानच्या टपरीवर थांबलो, करक चहाला. रहमान दाढी पिकलेला, केरळचा, मला कित्येक वर्षं ओळखतो. माझी हाक ऐकली की न विचारता बिनसाखरेचा आणतो. हर्षलने हॉर्न दिला आणि बोटांनी तीन दाखवले.

रहमान ट्रेमध्ये चार कप घेऊन आला.

"तीन बोला था ना," हर्षल म्हणाला. पण कसा म्हणाला सांगू? पाठ केल्यासारखा.

"भाभीने पीछे से चार बोला," रहमान म्हणाला. "दो बिना चीनी."

"मैंने कब बोला?" मी म्हटलं.

रहमान हसला. "आपकी आवाज मैं नहीं पहचानूँगा, सुगराभाभी?"

मी वाद घालायला तोंड उघडलं, तर घशात काही अडकल्यासारखं झालं. खाकरले. हर्षलने माझा कप मला दिला, एक बबीताला, एक स्वतःला. चौथा घेऊन तो सीटवरून वळला, माझ्या पायाजवळून वाकला आणि पडद्याची खालची कड उचलून कप आत सरकवला. बघायलाही लागलं नाही त्याला. आपण मांजरीला दूध सारतो तसं.

"सांडेल तो," मी म्हटलं.

"नाही सांडत," तो म्हणाला.

५

पंक्चरवाल्याकडे बराच वेळ गेला. हर्षल उतरून चाकापाशी उभा राहिला. बबीता पुढे, मी मागे. असरची, तिसऱ्या प्रहरची बांग झाली, मग सगळं शांत. जॅकने गाडी थोडी वर उचलली तेव्हा मागे काहीतरी घरंगळलं. कप. कागदी कपाचा आवाज पोकळ येतो, रिकामा असला की.

मी मनाला समजावलं. सांडला असेल चहा, पलंगाच्या गादीत मुरला असेल. मागे कुणी आजारी असेल. सासू असेल याची किंवा तिची, बिछान्याला खिळलेली, सांगायला लाज वाटत असेल. असतात अशी घरं. म्हाताऱ्या माणसांचा आवाज कधी कधी सारखा वाटतो. रहमानचंही वय झालंय.

"बबीता," मी म्हटलं, "मागे कोण आहे गं?"

म्हटलं म्हणजे म्हणायला गेले. माझ्या तोंडून घोगरं, फाटकं काहीतरी निघालं.

बबीता मागे वळली नाही. ती गुणगुणत होती. बारीक, गोड, कुठल्याशा ओवीची चाल असावी तशी. मी ऐकत राहिले आणि मग उमगलं. काल हिच्या घशातून हवा सोडून काही निघत नव्हतं.

घाबरून मी पर्समधून फोन काढला आणि हनियाला लावला.

"हनिया," मी म्हटलं. "हनिया, मी बोलतेय. आलेच मी. खाली उतरू नको."

"हॅलो? हू इज धिस?"

"अगं अम्मी!"

"सॉरी, राँग नंबर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "व्हाय डू यू हॅव माय मदर्स फोन?"

माझ्या पोटच्या पोरीने विचारलं हे. मी बोलायचा प्रयत्न केला, नुसती हवा. तिने फोन ठेवला.

आणि माझ्या पाठीमागून, कानाशी, पडद्याच्या त्या बाजूने कुणीतरी हलकेच म्हणालं, "हनिया."

माझा आवाज. घरातल्यासारखा, प्रेमाचा.

मी वळले. पडद्यावर माझ्या कानाच्या उंचीला कापड ओलं झालं होतं, चहाच्या रंगाचा डाग, तळहाताएवढा. तो डाग आत ओढला जायचा आणि परत फुगायचा.

"हनिया," तो म्हणाला. मग जरा बदलून, हाकेसारखं, "हनिया." मग आणखी बरोबर. "हनिया! पिशव्या!"

शिकत होता.

६

मी दाराची कडी ओढली. उघडेना. काच ठोकली. पंक्चरवाल्याने वर बघितलं, मागे बाई आहे म्हणून लगेच नजर वळवली. हर्षल येऊन पुढे बसला. "हे दार बाहेरूनच उघडतं, काकी. पोचतोच आपण."

खरंच पोचलो. उगाच कुठे लांब नेलं नाही त्याने, गाडी जोरात मारली नाही. त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. मी बाकड्याच्या अगदी टोकाला सरकून बसले होते, रिकामा डबा पोटाशी धरून. मागे पुटपुटणं चालूच होतं. माझीच सगळी बडबड, दिवसभराची. मासे ताजे कुठे मिळतात. नबीलाला कितवा महिना. हाक ऐकली की चप्पल न घालताही धावते.

प्लॉटमध्ये गाडी थांबली. बबीता उतरली, तिने बाहेरून दार सरकवलं आणि मला हाताला धरून खाली घेतलं. तिचे डोळे भरले होते.

"काकी, मला माफ करा," ती म्हणाली. स्वच्छ आवाज, कराडकडचा हेल. "मी पुढे बसा म्हटलं होतं. तुम्हीच ऐकलं नाही."

मी पळत सुटले. लिफ्ट वर गेलेली. मी जिना धरला. गुडघे माझे असे, तरी पळाले. पहिला मजला, मग दुसरा. जिन्याच्या वळणावर खिडकी आहे, प्लॉटकडे उघडते ती. तिथे दम लागून उभी राहिले आणि खाली दोन हॉर्न वाजले.

"हनिया! पिशव्या!"

काय आवाज होता. खाडीच्या त्या काठाला पोचेल असा.

वर आमची खिडकी उघडली. "कमिंग, अम्मी!"

मी ओरडले. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पण काही नाही. बाजूला लिफ्टच्या दाराच्या काचेतून आतला उजेड वरून खाली सरकला. त्या उजेडात हनियाचं डोकं दिसलं क्षणभर, फोनमध्ये घातलेलं.

खिडकीतून मी बघितलं. व्हॅनचं सरकतं दार उघडं होतं. माझ्या पिशव्या बाकड्याजवळ. पडद्याची एका बाजूची पिन काढलेली. हर्षल आणि बबीता पुढे बसलेले, दोघंही समोर बघत. मागे वळून न बघायची सवय लागलेली माणसं ती.

हनिया अनवाणीच होती. "अम्मी, व्हाय आर यू सिटिंग इन देअर?"

"जड आहेत गं," माझा आवाज आतून म्हणाला. "आत ये. हात दे मला."

तिने पाय पायरीवर ठेवला.

माझ्या हातात डबा होता. मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि खिडकीतून फेकला. तो कुणाच्या तरी गाडीच्या टपावर आपटला, झाकण उडालं आणि त्या गाडीचा अलार्म किंचाळायला लागला. हनिया दचकून वळली. तिने वर बघितलं.

वर जिन्याच्या खिडकीत तिची आई. आणि तिच्या पाठीशी, गाडीच्या आत, अजून बोलत होती तिची आई. "अगं ये ना. ये ना बाय."

हनियाने सावकाश मान वळवली आणि आत बघितलं.

काय दिसलं ते ती सांगत नाही. मी विचारायचं सोडलंय. मी, जिला दुसऱ्याच्या पातेल्यात काय शिजतंय ते विचारल्याशिवाय झोप येत नाही. ती मागे मागे सरकत आली, बिल्डिंगच्या दाराला पाठ लागली तेव्हा तिथेच खाली बसली. गाडीचं दार सरकून बंद झालं. व्हॅन वळली, इंडिकेटर देऊन, अगदी सभ्यपणे, आणि सौदीकडे जाणाऱ्या सलवा रोडच्या दिशेने गेली.

माझे खुबूस त्यांच्याकडेच राहिले.

७

माझा घसा डॉक्टरने बघितला. नळी घालून आतला फोटो काढला. सगळं ठीक आहे म्हणाला, सूज नाही, गाठ नाही, बोलायला हवं तुम्ही. हे शेजारी बसले होते, त्यांनी माझा हात घट्ट धरला. रात्री म्हणाले, "सुगरा, घर कसं ओकंओकं वाटतं गं." म्हणून मी लिहायला लागले. सातवीपर्यंतच शिकले, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

हनिया आता माझ्याशी मराठीत बोलते. अडखळते, पण बोलते. खाली दोन हॉर्न वाजले की, आणि ते दिवसातून कितीदा तरी वाजतात, ती आधी माझ्याकडे बघते, मी जागेवर आहे ना ते. मग खिडकीकडे.

बिल्डिंगमधल्या बायका येऊन जातात. सूप आणतात, मध-हळद आणतात. नबीलाचे दिवस भरत आले, जिना चढवत नाही तिला, तरी लिफ्टने येऊन माझ्यापाशी बसते. म्हणते, "भाभी, तुमची हाक नाही तर सकाळ झाल्यासारखी वाटत नाही हो. आवाज परत आला की पहिली हाक मला मारायची, कबूल?" मी मान हलवली. या बायकांना मी काय लिहून दाखवू? दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. घशाबरोबर हिचं डोकंही गेलं म्हणतील.

आज शुक्रवार. हे ड्यूटीवर. जुम्मा झाला, दुकानं उघडली, मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते, हनिया अभ्यासाला बसली होती. खाली दोन हॉर्न वाजले.

हनियाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. दोघी हललो नाही.

मग हाक आली. मोकळी, खणखणीत, आनंदात असलेली.

पण नाव हनियाचं नव्हतं.

"नबीला! अगं नबीला! खाली ये, गंमत दाखवते!"

मी खिडकीशी गेले. प्लॉटमध्ये ती व्हॅन उभी होती, शारजाच्या नंबरप्लेटची. सरकतं दार उघडं. पुढच्या दोन्ही सीट रिकाम्या.

वर, पाचव्या मजल्यावर, खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

"सुगराभाभी! या अल्ला, आवाज आला तुमचा! थांबा, आले, आलेच मी!"

हनिया अनवाणीच जिन्याकडे पळाली. मी फडताळातला डबा ओढून काढला, त्या दिवशी पोचा आलेला तोच, आणि खिडकी पूर्ण उघडली.